तीन पानांचा देव

सोमवार, ६ जानेवारी २०२५
श्रीखंडोबाच्या कृपेने वडगाव रासाईला सुखरूप पोचले. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं ऊस आणि उसापलीकडं भीमा. बावीस वर्षं समुद्राकाठच्या अणुकारखान्याच्या वसाहतीत काढली, खाऱ्या हवेनं एक डबा धड ठेवला नाही. इथं पहिल्याच सकाळी झाकण बोटानं निघालं! हे महिनाअखेरीस निवृत्त होऊन येतील, तोवर मी एकटी. शेजारच्या तानुबाईंनी मेथीची जुडी आणून दिली आणि विचारलं, मालकांनी टाकलं का काय. मी म्हटलं, टाकलं असतं तर मिक्सरसकट आले असते व्हय? हसताना त्यांना ठसका लागला. त्यांची सून अंकिता गोड पोर आहे. सातवा महिना. तिनंच मला तुळशीला माती आणून दिली.

गुरुवार, ९ जानेवारी
इथं नवा देव बसलाय. तानुबाईंचा मुलगा बाळासो, म्हणजे अंकिताचा नवरा, यानं यवतच्या भंगारातून औतावर वजन ठेवायला शिशाचं एक पिंप आणलं. कमरेएवढं, चौघांना उचलेना. कडाक्याच्या थंडीत ते हाताला कोमट लागलं. देव जागा हाय म्हणाले आणि नदीकाठच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत बसवला. तानुबाईंचे गुडघे त्याच्या उबेनं थांबले म्हणे. अंकिता रोज तिथं झाडते आणि देवाला पाठ टेकून बसते, बाळाला ऊब चांगली म्हणून. दगडात देव असतो, मग शिशात का नसावा? संक्रांतीला वाण घेऊन ववसायला जाईन.

मंगळवार, १४ जानेवारी, संक्रांत
सुगडं घेऊन गेले. पिंपावर भंडारा, हार. मधोमध पिवळी पाटी आणि तिच्यावर काळी तीन पानं. बायका म्हणाल्या, बेलपान हाय, म्हादेवाची खूण. पण बेलाला देठ असतो. या पानांच्या मधे वाटोळा ठिपका होता. किरणांच्या धोक्याचं हे चिन्ह मी बावीस वर्षं कारखान्याच्या भिंतीवर पाहिलं. उलट्या पावली बाहेर आले. सुगडं तिथंच राहिली.
यांना फोन लावला. आधी पाटीचा रंग विचारला. मग म्हणाले, म्हाळसा, आत किती वेळ होतीस?
यांनीच एकदा समजावलं होतं. अणुभट्टीत जळालेलं इंधन टाकत नाहीत. वर्षानुवर्षं पाण्यात निववतात, कापून आम्लात विरघळवतात, कामाचं परत काढतात. मला ते फार आवडलं होतं, मीही तुपाची बेरी टाकत नाही. उरलेली राख काचेत कोंडतात. त्या राखेतलंही एक द्रव्य वेगळं काढून त्याच्या कांड्या करतात आणि शिशाच्या पिंपातून दवाखान्यांना देतात. तसलं पिंप कुणीतरी भंगारात घातलं असणार, यांचं म्हणणं. आणि शिसं कुठंतरी उललं असणार, तिथून किरणं बाहेर येतात.

बुधवार, १५ जानेवारी
बाळासोला सांगितलं. त्यानं तळहात पुढं केला. फोड, आणि कातडं सुटलेलं. देवानं छाप दिला म्हणतो. तानुबाईंचे केस फणीत पुंजक्यांनी येतात. त्या म्हणाल्या, देवानं माझं जावळ काढलं, आता बारसं करा. हसल्या, पण ओठ पांढरे होते.
अंकितानं फोनवर काढलेला देवाचा फोटो दाखवला. सगळीकडं पांढरे ठिपके, तीळ सांडल्यागत. किती छान दिसतंय ना काकू, म्हणाली. किरणांचे डाग होते ते. मी तिच्या हातातला झाडू काढून घेतला. सासूबाई रागावतील म्हणाली. म्हटलं, रागावू देत, त्यांच्या रागानं पोटातलं पोर मरत नाही.

शुक्रवार, १७ जानेवारी
पिंप हलवलं की आत खुळखुळतं. बाळासो म्हणतो, आत अंगारा हाय. रविवारी देवाचा वार, कटरनं झाकण कापायचं आणि घरटी चिमूट चिमूट वाटायचा. पहिली चिमूट अंकिताच्या जिभेवर.
दोन कचेऱ्यांत गेले, लेखी अर्ज मागितला. यांच्या साहेबांनी मात्र खरं मानलं. त्यांची गाडी रविवारी दिवस मावळायच्या आत येईल. तोवर पिंप उघडू द्यायचं नाही.
पोलीस पाटील हरिबाआप्पांना विनवलं. ते म्हणाले, बाई, नारळ मीच फोडणार हाय, तुम्ही देवाला भ्यालात. मी म्हटलं, भिते म्हणूनच त्याच्या नावानं विष वाटू देणार नाही. आप्पा तंबाखू मळत बसले.

शनिवार, १८ जानेवारी
किरणं अडवायला वाळूच्या गोण्या भरून खोलीच्या दारात रचल्या. बाळासोनं लाथेनं पाडल्या. काकू, वसाहतीत राहून देवबी सरकारी झाला का तुमचा, म्हणाला. सगळे हसले. अंकिता हसली नाही.
बाहेरून कुलूप लावलं तर कापतील. आत माणूस असलं तर हात अडखळेल. दाराला आतून कडी आहे.

रविवार, १९ जानेवारी
सकाळी ७. आत आहे. कडी लावली. तीन गोण्या ओढून मधे रचल्या. पिंप त्या कोपऱ्यात, मी या. दहा फूट असेल. फोन घरी ठेवला, यांचा आवाज ऐकला तर मी दार उघडीन.
खंडेराया, हा तू नाहीस. तू असतास तर दार सताड उघडं ठेवलं असतं.

१०. ढोल. शिव्या. तानुबाई ओरडतात, सटवे, देव गिळलास. ओरडा. माझा गळाही काही बसलेला नाही.

१२ वाजून गेले. दोनदा ओकले. तोंडात लोखंडाची चव.
पिंप खुळखुळलं. कुणी हात लावला नाही. ढोलानं असेल. ढोल तर थांबलाय —

२. कटर सुरू. कडीपाशी ठिणग्या. मग बंद. अंकिता दाराला पाठ लावून बसली बाहेर. ओरडले, पोरी लांब जा, लांब — ऐकेना. बाळाची शपथ घातली तेव्हा उठली. लाइट गेली. शेतीची लाइट, चारला येते. बरं झालं.

अक्षर वाकडं येतंय. बोटं माझी नसल्यागत. तरी नाही उघडणार. ऐका सगळे —

चार व्हायला आले. बाहेर एकदम शांत. नवा आवाज, शुद्ध बोलतो. ताई, मी कारखान्यातनं आलोय, गाडी आली, उघडा. देवा, आले. उठले. कडीला हात —

आवाज फार जवळ आहे. दाराला तोंड लावून बोलतो. खरा साहेब असा जवळ येईल? यंत्र लावून आधी मोजेल, लांबून हाका मारेल —

विचारलं, साहेब, किती पावलं मागं सरका म्हणता माणसांना? म्हणाला, तुम्ही उघडा तर आधी. मागनं कुणीतरी हसलं. गावातलाच कुणी —

न्हाई. कडी काढणार न्हाई. लाइट आली, कटर — दाराचा पत्रा तापलाय. दाराला पाठ लावलीय. कापा. आधी मला कापा, मग तुमचा देव —