कॅनसाठी पायलीभर ज्वारी

उस्मानाबाद,
ता. २०-८-७३

ती. सौ. चांगुणाअक्कास,
मच्छिंद्रचा सा. न. वि. वि.

इकडं सगळे खुशाल. मिलिटरी सुटली, पण कँटीनची बिअर सुटंना, म्हणून घरीच करायची ठरवलीय. भंगारातून दुधाचा कॅन आणला. झाकणाला भोक पाडून सलाइनची नळी घातली, भोवतीनं कणीक लिंपली. नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत. आत आंबायला लागलं की गॅस बुडबुडे काढत बाहेर पडतो, बाहेरची हवा आत शिरत न्हाय. तुझी भावजय विचारते, दवाखाना घातलाय का.

अडलंय दाण्यापाशी. आधी ज्वारीला मोड आणावे लागतात. रेशनवर मिळते ती अमेरिकेची लाल ज्वारी, मिलो, चार दिवस भिजवली, मोड न्हाय, नुसता वास आला. तू बियाण्याची मालदांडी ज्वारी राखलीय, त्यातली पायलीभर दाजींच्या हाती दे.

लोभ आहेच, या कॅनपायी कमी करू नये.
तुझा, मच्छिंद्र

सास्तूर,
ता. २४-८-७३

चि. मच्छिंद्रास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून दाजींना हसू आवरंना. मला लई राग आला. गेल्या साली काहीच पिकलं न्हाय. एकाहत्तरची ज्वारी राखेत घालून ठेवलीय. पोटाला चिमटा घेतला, मिलोच्या भाकरी गिळल्या, पण बियाण्याला हात लावला न्हाय. अन् तू त्याची दारू करणार! आई असती तर तुला कॅनसकट आडात टाकलं असतं.

तरी धाडते. थोरली म्हणून जन्मले, काय करणार. पायलीला चार मुठी कमी आहेत, मुकाट्यानं घे. औंदा पाऊस बराय, उत्तरा नक्षत्र लागलं की पेरणी.

तब्येतीला जप, अन् अकलेलाही.
तुझी, अक्का

उस्मानाबाद,
ता. ५-९-७३

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

घाबरू नको, पण नीट वाच. तुझी ज्वारी भिजवून ओल्या गोणपाटात बांधली. तीन दिवसांनी सोडली तर मोड तुरळक. माझंच चुकलं म्हणून शंभर दाणे मोजून पुन्हा घातले. अकरा उगवले. शेजारी आणखी शंभर घातले होते, त्यातले नऊ उगवले. दाणा दिसायला ठणठणीत, पण आतून मेलाय. अक्का, हे पेरू नको. पेरलंस तर औंदाही रान पडीक राहील.

कळंबच्या बाजारातून गेल्या साली विहिरीच्या पाण्यावर पिकलेल्या ज्वारीचं पोतं आणलं. शंभरात त्र्याण्णव दाणे उगवले. सगळं पोतं शनिवारच्या एसटीनं धाडतो, दाजींना स्टँडवर थांबायला सांग. कॅन रिकामाच ठेवलाय.

राग सोडावा, ही विनंती.
तुझा, मच्छिंद्र

सास्तूर,
ता. ११-९-७३

चि. मच्छिंद्रास,
अनेक आशीर्वाद.

पोतं पोचलं. त्याआधी तुझं पत्र वाचून मी कणगीपाशी बसून रडले. जिच्यासाठी लेकरांना अर्धपोटी ठेवलं, ती मेलेली निघाली. मग डोळे पुसले अन् आळीत सांगून आले, कारण सगळ्यांनी त्याच सालचं बियाणं राखलंय.

गजराबाई, शिवलिंगप्पा धरून चौदा घरांनी मूठमूठ ज्वारी चिंध्यांत बांधून दिलीय. दाजी घेऊन येताहेत. शंभर शंभर दाणे घाल अन् लगोलग कळव, पेरण्या खोळंबल्यात. एकाचं दुसऱ्यात मिसळू नको.

माझ्या भावानं बियाणं तपासायचं मशीन बांधलंय, असं मी गावात सांगितलंय. आळीतला गुंडप्पा ते बघायला दाजींबरोबर येतोय. त्याला कॅन, नळी, बाटली सगळं दाखव. कशासाठी केलं म्हणून विचारलं, तर अक्काचं रान पडीक राहू नये म्हणून, असं सांग. त्यात खोटं काय हाय?

तुझी, अक्का