एका फुटात हजार वर्षं

सोम. ३ फेब्रु.
हेडबाईंनी कंपाउंडची भिंत दिली! आतली बाजू, सायकल स्टँडपासून फाटकापर्यंत, पूर्ण. एप्रिलअखेर मी रिटायर, माझ्या जागेवर चित्रकलेचं कोणी येणार नाही हे शिपायापासून सगळ्यांना माहीत. म्हणून लाडानं दिली असेल. असो. दिली ना! विषय तिथंच सांगून टाकला : गुहेपासून आजपर्यंत, कलेचा अख्खा इतिहास. हेडबाई म्हणाल्या, "मुलींना आवडेल असं छान छान काढा." पुढेही काहीतरी बोलत होत्या. मी मनात रंग कालवत होते. हो हो म्हटलं.

मंगळ. ४
भिंत मोजली. बरोब्बर चाळीस फूट. कागदावर आठ चौकोन पाडले, दरवर्षी फळ्यावर पाडते तसेच. गुहा, सिंधू, अजिंठा, वेरूळ, मोगल... सगळ्यांना सारखे पाच पाच फूट.
दुपारी डबा खाताना एकदम डोक्यात आलं. गुहेतले जुन्यात जुने हात, जनावरं : चाळीस हजार वर्षं धरा. भिंत चाळीस फूट. म्हणजे फुटाला हजार वर्षं! खरंखुरं माप! भाजी तशीच राहिली. फाटक म्हणजे आज, तिथून मागे मोजत गेले. अजिंठ्याची सुरुवात दोन फुटांवर. सिंधूच्या मुद्रा साडेचारवर. शेती दहावर. कॅमेरा येऊन अडीच इंच पण झाले नाहीत. अन् जिला बघून आपण नाक मुरडतो ती मॉडर्न आर्ट, सव्वा इंच! माझी बत्तीस वर्षांची नोकरी? पाव इंचाच्या थोडी वर.
हसू आलं, अन् अंगावर काटापण आला. बत्तीस वर्षं मी मुलींना सारखे चौकोन शिकवले. बाई गं.

शनि. ८
गजाननभाऊ आले. कळमेश्वरला कंपन्यांचे बोर्ड रंगवतात, शाळेचे फळेही तेच काळे करतात. सगळी भिंत घासून प्रायमर मारला. माझी खुणा केलेली दोरी बघून डोकं खाजवलं.
"म्याडम, मंधातले तीस फूट खालीच ठेवता का?"
"रिकामे नाहीत भाऊ. तिथं माणसं होती."
"मंग दिसून काहून नाही राहिली?"
चहा पिताना सुचलं : काढलं असेलच की. लाकडावर, कातड्यावर, वाळूत, स्वतःच्या अंगावर. टिकलं नाही एवढंच. भाऊ म्हणाले, "हे पटते. माह्या हातचे बोर्ड दहा वर्षं टिकत नाही."
ठरलं. तो भाग चुना अन् गेरूचा नुसता रंग. सापडलंय तिथं तेवढंच काढायचं. एक हरीण. मग सहा फूट काही नाही. मग एक हात.

बुध. १२
आज आठवी ब. धमाल! तोंडात गेरूचं पाणी घ्यायचं, हात भिंतीला टेकवायचा, फुर्रर्र करून उडवायचं. हात काढला की हाताएवढी कोरी जागा. पहिल्या मुलीचा हात निघाला अन् सगळ्या भिंतीशी गोळा झाल्या. एक हळूच म्हणाली, "मॅडम, तिनं पण असंच केलं असेल?" तिनं! गुहेतल्या माणसाला 'त्यानं' नाही म्हणाली. मी तर तिथंच खुश.
एकीच्या आईचा फोन. युनिफॉर्म लाल झाला म्हणून. माझं ऐकून घेतलं अन् शेवटी म्हणाली, "मले पण यायचं होतं वं मॅडम."

शुक्र. २१
फाटकाकडचं टोक. इथं माप छळतं. उंची हवी तेवढी घ्या, रुंदी म्हणाल तर नाहीच. अजिंठ्याचा पद्मपाणी अख्खा बसवायचा म्हटलं तर दीडशे-दोनशे वर्षं पुढचं-मागचं खाऊन टाकतो. मग नुसता कमळ धरलेला हात घेतला. उभी पट्टी, दीड इंच. शून्य नंबरचा ब्रश, डोळ्याला भिंग. बोटं जमली! अहाहा! निळं कमळ काल तीनदा पुसलं, आज एका दमात उतरलं. आई असती तर पारशिवनीहून एसटीनं बघायला आली असती. तिला नेलं होतं एकदा अजिंठ्याला. ही चित्रं कोणी काढली म्हणून गाइडच्या मागेच लागली होती. गाइडला एकपण नाव सांगता आलं नाही.
गजाननभाऊ : "तिकडं झाडूनं काम भागलं, इकडं डोळे फुटून राहिले."

सोम. ३ मार्च
वेरूळ झालं. लघुचित्रं झाली, सहा इंचात किती गर्दी करू! ऊन आता नऊलाच चटकतं. शिक्षक लोक डबे घेऊन भिंतीपाशी येतात. गणिताच्या सरांनी दोरी धरून स्वतःचं वय मोजलं अन् जेवलेच नाहीत.

गुरु. ६
कप्पाळ माझं.
संस्थेचे सचिव आले. वय चौऱ्याहत्तर, पांढरा शर्ट, बोलणं हळू. शाळा त्यांच्या वडिलांनी काढली. वडिलांच्या नावाचा ग्रॅनाइटचा दगड करून आणलाय, दोन फूट रुंद, फाटकाजवळच्या भिंतीत बसवायचा. पाटी फाटकाजवळच असते, सगळ्या शाळांत असते. बरोबर तिथंच. अजिंठा, वेरूळ, मोगल, सगळं त्याच्या खाली.
हेडबाईंना म्हटलं, हे काय? त्या म्हणाल्या, "तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, फाटकापाशी दोन फूट सोडा. तुम्ही हो हो म्हणालात."
म्हणाले असणार. माझीच चूक. तरी भांडले. हेडबाई म्हणतात, "इकडे सरकवा ना दोन फूट, मागे एवढी जागा रिकामी आहे." सरकवा! दोन हजार वर्षं सरकवा!

शुक्र. ७
गजाननभाऊंचा सल्ला : "उलटं करा. गुहा फाटकाकडं घ्या." म्हणजे सगळं पुसा. अन् मग गुहेवाल्यांवर दगड. नाही.

मंगळ. ११
सचिव साहेबांना भिंतीपाशी बोलावलं. आले, एवढं मोठं मन. मी तोंड सोडलं. हे माप खरं आहे, इथं इंच इंच मोजलाय, तुम्ही दोन हजार वर्षांवर दगड ठोकणार वगैरे वगैरे. आवाज चढला माझा. त्यांनी शांतपणे विचारलं, "माझे बाबा ब्याऐंशी वर्षं जगले. ते किती होतात?"
"एक इंच."
त्यांनी फाटकाच्या कडेला अंगठा टेकवला. अंगठ्यात मावले.
मी अजून जोरात होते. म्हटलं, "साहेब, अजिंठा काढणाऱ्यांची तर नावंही नाहीत. हातच राहिले."
ते म्हणाले, "नावं राहिली नाहीत म्हणूनच तर दगड लावून राहिलो, मॅडम."
मग दोरी गुंडाळून माझ्या हातात दिली अन् गेले. आईचा तो गाइडमागे लागलेला चेहरा समोर आला. रडू आलं, राग पण. राग कोणाचा ते कळेना.

शनि. १५
शेवटचा सव्वा इंच झाला. नुसते रंग, आकार नाही, मी आयुष्यात असं काही काढलं नव्हतं. इतका आनंद झाला! आठवी 'ब'च्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. एकीनं विचारलं, "पुढचं कुठं काढायचं?" पुढे फाटक. उघडंच होतं. म्हटलं, तुमचं तुम्ही बघा.

सोम. १७
मिस्त्री आला. दगड गोणपाटात, भिंतीला टेकवलेला. मी तयारीनं गेले होते, ब्रश-बिश सगळं घेऊन, भांडायलाच.
मिस्त्री म्हणाला, "साहेबांनी सांगतलं, म्याडम खूण करतील तिथं लाव."
"फाटकापाशी नाही?"
"म्याडम म्हणतील तिथं."
म्हणजे जिंकले! हेडबाई धावत आल्या, "द्या की मागच्या रिकाम्या जागेत, सुटलो एकदाचे." मी खडू घेऊन निघाले. बाविसाव्या फुटावर नुसता गेरू. हात उचलला. इथं काही नाही, असं मला म्हणता येईना. तिथून तिसाव्यावर गेले, तिथून परत दहाव्यावर. गोणपाट बाजूला करून साहेबांच्या वडिलांचं नाव वाचलं. चांगलं, ठसठशीत अक्षर आहे.
मिस्त्री ड्रिल हातात धरून उभा. "बोला म्याडम, कोणाच्या जागेवर मारू?"
त्याला उद्या ये म्हटलं.