तिच्या अंगठीचा ओरखडा

रविवार, संध्याकाळ. वर्तकनगर

आज शेजारची सायली स्वतःच्या साखरपुड्याचे पेढे घेऊन आली, तिथेच माझं सगळं संपलं.

दसऱ्याला माझ्या बाईकवर तिनेच कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं. तेव्हा तिच्या अंगठीने टाकीवर ओरखडा पडला. मी तो मुद्दाम ठेवलेला. आज होणाऱ्या नवऱ्यासमोर हसत म्हणाली, “अरे, अजून तसाच? घासून टाक की. कॉलेज अर्धवट सोडलंस, एवढं तरी पूर्ण कर!” तोही हसला.

घासला. पॉलिश पेपरने, पाणी न लावता, रागारागात. केसाएवढा ओरखडा होता, तळहाताएवढा पत्रा उघडा पडला. वेडा आहे का मी? तिचा ओरखडासुद्धा गेला.

दोघं अजून तिच्याकडे चहा पितायत. त्याची नवी कोरी बाईक खाली उभी आहे. पॉलिश पेपर उरलाय.

आई विचारतेय, “कुठे निघालास रे?”

दार ओढून घेतो.