हयातीपुरती पेन्शन

अहो,

भाकरी टोपलीत झाकून ठेवल्यात, आमटी तेवढी गरम करून घ्या. मी अणदूरला अक्काकडं चालले.

तुम्ही रानात गेल्यावर विम्याचे कल्याणप्पा पेन्शनचा कागद देऊन गेले. कारखान्यातून रिटायर झाल्यापासून तुम्ही मोबाइलवर योजना ताडून बघत होता, म्हणून मी टीव्हीसुद्धा लावत नव्हते. आज हौसेनं विचारलं, "यात माझं कसं?" ते चहा खाली ठेवून म्हणाले, "वहिनी, अण्णांनी स्वतःच्या हयातीपुरतीच घेतलीय. तुमचं नाव घातलं असतं तर महिन्याला थोडी कमी बसली असती."

थोडी कमी! तेवढ्यासाठी फंडाचे सगळे पैसे घातलेत, आणि तुमच्या माघारी मला त्यातला एक रुपया न्हाय. पोरगा बघंल, असं त्यांना सांगितलंत म्हणे. महांतेशचा दिवाळीपासून फोन तरी आलाय का?

बीपीची गोळी पाण्याच्या तांब्याजवळ ठेवलीय, विसरू नका. लग्नापासून तुमच्या आयुष्यासाठी सोमवार धरते. आजचाही धरलाय. आता तो मोडणं मला परवडायचं न्हाय.

शरणम्मा