गोलातलं गोलात

प्रिय धाकटे,

चार घरं सोडून राहणाऱ्या माणसाला कोणी पत्र लिहितं का? पण परवा मला पाहून तू रस्ता ओलांडून पलीकडे गेलीस, तेव्हा कळलं की हे समोरासमोर व्हायचं नाही. शिवाय समोर आलीस तर मी भांडेन. माझं तोंड तुला माहीत आहे.

आपल्या दोघींची बालवाडी चालली आहे. तू यायची थांबल्यापासून गाणी मीच म्हणते, मुलं कानांवर हात ठेवून नाचतात. ‘आपलं दार’ही सोडलेलं नाही. प्रत्येक मुलाला गल्लीतलं एक दार नेमून दिलेलं. जाता-येता तिथे डोकवायचं आणि सकाळी गोलात बसून सांगायचं. मास्तरांच्या जिन्यातला दिवा गेलाय, नर्सबाईंच्या दारात दूध तसंच पडलंय. मग काय करायचं ते मुलांनीच ठरवायचं. शेजार सांभाळणं पुस्तकातून शिकवता येत नाही, हे तुझंच म्हणणं. चहाडी आणि काळजी यांतला फरकही तूच शिकवलास, हातात मोज्याची बाहुली घालून. एखाद्याला अडचणीत टाकायला सांगितली ती चहाडी, अडचणीतून काढायला सांगितली ती काळजी. आणि गोलातलं गोलात राहतं. बाहुली हे इतक्या गंभीरपणे बजावायची की मला हसू आवरायचं नाही.

भिंगरीच्या वाट्याला शिंपीकाकांचं दार आलं होतं. राहती खोली सुटल्यापासून काका दुकानातच, कापायच्या टेबलाखाली झोपतात आणि त्यांना थंडी वाजते, हे तिनंच गोलात सांगितलं. मुलांनी घरोघर विचारून रजई मिळवली. ती डोक्यावर घेऊन भिंगरी निघाली तेव्हा रजईखाली नुसते दोन पाय चालताना दिसत होते. ती धडपडू नये म्हणून तू पुढे वाट दाखवत होतीस, आठवतं?

आठवड्याभरात दुकानाच्या मालकानं काकांना बाहेर काढलं. दुकानात राहायचं नाही असा करार होता, आणि तो कधीचा निमित्तच शोधत होता. त्याला हे कोणी सांगितलं असेल? मी सगळ्या गल्लीवर संशय घेतला, तुला सोडून. शिलाई मशीन टेम्पोत चढवताना काका मला म्हणाले, मालक तुमच्या धाकट्या बाईंचं नाव घेतो. मी त्या म्हाताऱ्या माणसावरच खेकसले. मग त्या दुकानावर तुझ्या भावाची मोबाइल दुरुस्तीची पाटी लागली.

भावासाठी जीव तुटतो, कबूल. माझ्याकडे आली असतीस तर त्याला जागा मिळवून द्यायला मी सगळा बाजार पालथा घातला असता. पण कुंपणानंच शेत खावं? मुलांनी भरवशानं सांगितलेलं तू उचलून नेलंस आणि विकायला बसलीस. फार लागलंय गं मला. तुझी बाहुली धुऊन खिडकीत टाकलीय, ती उचलायचीही इच्छा होत नाही.

पण हे पत्र माझ्या रागासाठी नाही. भिंगरी आता गोलात बसत नाही. चपला न काढता दाराशीच उभी राहते. दुसरं दार देऊ केलं तर नको म्हणते. काल माझा पदर ओढून हळूच म्हणाली, “बाई, मी सांगितलं म्हणून काका गेले ना? म्हणजे मी चहाडी केली ना?” मी नाही म्हटलं. “मग कोणी केली?” तिनं विचारलं, आणि मी वाकून तिच्या चपलेचा पट्टा नीट करत बसले. म्हणून सोमवारी सकाळी ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. बाहुली न घालता तिच्यासमोर जमिनीवर बस आणि तुझ्या तोंडानं सांग, ती मी केली. मीही सांगू शकते. पण मी सांगितलं तर धाकट्या बाई वाईट आहेत, एवढंच ती शिकेल. तेवढंच शिकवायला आपण दोघींनी तो गोल आखला नव्हता.

तुझीच, अजून तरी,
मोठी