फोनवाल्या ताई निर्दोष सुटतात

तीर्थरूप मामांस,

वाकून नमस्कार. (खुर्चीत बसून लिहिते आहे म्हणून कमी वाकले असं समजू नका.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामी सांगत होती की डॉक्टरांनी जिना चढायला मनाई केल्यापासून तुम्ही मुद्दाम दिवसातून चारदा गच्चीवर जाता. डॉक्टर चुकले हे सिद्ध करायची ही पद्धत आमच्या शास्त्रात बसत नाही. एक गुडघा हा फार लहान नमुना झाला.

मागच्या भेटीत तुम्ही विचारलंत, "चाळीस वर्षं मी कोर्टात कारकुनी केली, पण आकडेवाली बाई तिथे कधी पाहिली नाही. तू नक्की करतेस काय?" तेव्हा मी तोंडात घास आहे असं दाखवून वेळ मारून नेली. आता सविस्तर लिहिते.

आमची खोली कोर्टाच्या तिसऱ्या मजल्यावर, दप्तरखान्याच्या मागे. दोन टेबलं, एक प्रिंटर (कागद झटकन गिळतो, परत देताना मात्र विचार करतो) आणि तीन माणसं: साहेब, मी आणि फोनवाल्या ताई. ताईंचं काम असं, की जामिनावर सुटलेल्या किंवा समन्स गेलेल्या माणसांना तारखेच्या दोन दिवस आधी फोन करून आठवण द्यायची. "परवा साडेदहाला या बरं का. कागद विसरू नका. आणि घाबरू नका." (हे शेवटचं वाक्य त्यांना कुणी नेमून दिलेलं नाही, ते त्या पदरचं घालतात.) वरून प्रश्न आला, की या फोनांनी खरंच काही फरक पडतो का? म्हणून बाराशे माणसं घेतली, चिठ्ठ्या टाकून सहाशे-सहाशेचे दोन गट केले. एका गटाला फोन, दुसऱ्याला नाही. कोण तारखेला आलं आणि कोण नाही ते कोर्टातून कळायचं, आणि त्यावरून निकाल काढायचा मी.

ही पद्धत तुम्हाला परकी नाही. कोर्टात आरोपी निर्दोष आहे असं धरून सुरुवात होते, तसं आम्ही 'फोनने काही फरक पडत नाही' असं धरून चालतो. मग आकडे बघून विचारतो, की फरक खरंच नसता तर नुसत्या योगायोगाने असे आकडे पडण्याची शक्यता किती? ती अगदीच कमी निघाली, तर 'फरक नाही' हे म्हणणं फेटाळायचं. त्याच्या पुढचं प्रकरण रिग्रेशन. तुमच्या घरी भांडण झालं की मामी म्हणते तुमच्यामुळे, तुम्ही म्हणता पाहुण्यांमुळे, आणि मला विचाराल तर त्या दिवशी वर्तमानपत्र उशिरा आलेलं असतं. या तिघांना वेगवेगळं बसवून, बाकीचे दोन जसेच्या तसे राहिले असते तर एकट्याने किती भांडण लावलं असतं हे काढणं, म्हणजे रिग्रेशन. मी त्यात वय, गुन्ह्याचा प्रकार, घराचं अंतर, आधी चुकवलेल्या तारखा, सगळं घातलं.

निकाल आला. फोन केलेल्यांपैकी शहाऐंशी टक्के लोकांनी तारीख चुकवली होती, न केलेल्यांपैकी चौऱ्याहत्तर. योगायोगाने एवढा फरक पडण्याची शक्यता किती? दशांश चिन्हानंतर सहा शून्यं, आणि मग कुठे एकदाचा दोन! मामा, आमच्याकडे दोन शून्यांवर माणसं हवेत तरंगतात. मी ती सहा शून्यं तीनदा मोजली. दहातली आठ माणसं कोर्टात येतच नाहीत, हे जरा विचित्र आहे, असं माझ्या मनात यायला हवं होतं. आलं नाही. उलट समाज किती बिघडला, म्हणून मला वाईट वाटलं. साहेब म्हणाले, "मला आधीपासून संशय होताच." (निकाल कोणताही लागो, साहेबांना त्याचा आधीपासून संशय असतो.) त्यांनी त्याच दिवशी अहवाल वर पाठवला, फोन बंद करायला लावले आणि ताईंना तळघरातल्या फायलींकडे हलवावं असं सुचवलं. आठ दिवसांनी कमिटी बसून ठरवणार होती.

ताई फोनवर फडकं टाकून बसून राहिल्या. दुपारी मला हळूच विचारलं, "माझा आवाज ऐकून माणसं पळून जातात का गं?"

मी म्हटलं, "तसं नाही हो ताई, हे सरासरीचं बोलणं आहे."

"म्हणजे सरासरी पळून जातात?"

मी प्रिंटरमध्ये कागद भरत बसले. घरी त्यांनी नवऱ्यालाही विचारलं म्हणे. 'मी कुठे पळालो?' असं ते म्हणाले, पण त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं, हेही ताईंनीच सांगितलं.

पाचव्या दिवशी एक शिंपी जिना चढून वर आला. शेजाऱ्याशी मारामारी केल्याचा त्याच्यावर खटला होता. फोनवाल्या बाई कोण, असं विचारून ताईंपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "तुम्ही फोन केलात म्हणून गेल्या महिन्यात तारखेला आलो, नाहीतर ध्यानातच नव्हती. आज सुटलो बघा." ताईंनी पदर डोळ्यांना लावला. मला, खरं सांगते, रागच आला. एकट्या शिंप्याने माझी सहा शून्यं खोटी पाडायची म्हणजे काय! मी हट्टाने माझ्या तक्त्यातली त्याची ओळ काढून पाहिली. तिथे लिहिलेलं: तारीख चुकवली. आणि माणूस तर समोर उभा राहून 'आलो होतो' म्हणत होता.

मग मी कोर्टाची मूळ यादी उघडली. कोर्टाने पाठवलेल्या रकान्याचं नाव होतं 'हजर'. आला तर एक, नाही तर शून्य. मला चुकवणारे मोजायचे होते, म्हणून मी माझ्या प्रतीत नाव बदलून 'चुकवली' केलं. नाव बदललं, आकडे उलटे करायचे राहिले. शहाऐंशी टक्के माणसं आली होती, मामा! ताईंच्या आवाजाला धावून आली होती. शून्यं सहाच्या सहा जागेवर होती, निष्कर्ष तेवढा डोक्यावर उभा होता.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "'सुधारित निष्कर्ष' म्हणू या. 'चूक' फार टोकाचं वाटतं." बैठकीत त्यांनी तसं म्हटलंही. कमिटीच्या प्रमुख एक निवृत्त न्यायाधीशबाई आहेत. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "सुधारित म्हणजे?" साहेब पाणी प्यायले. मी उठले. म्हटलं, "म्हणजे मी चुकले. जे आले होते त्यांना मी न आलेले समजले."

"गेल्या आठवड्यात या बाई दोषी, आज निर्दोष. उद्या पुन्हा उलटणार नाही कशावरून?"

मी सांगितलं, की तीनशे नावं कोर्टाच्या मूळ रजिस्टरशी हाताने ताडून पाहिली, आणि ताईंनीच शेजारी बसून ती वाचून दाखवली. आणि हेही सांगितलं, की ज्यांनी आधी चार-चार तारखा चुकवल्या आहेत, त्यांच्या बाबतीत फोनचा उपयोग होतो असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. (इथे साहेबांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.) तेवढ्यात दाराशी बसलेल्या ताई म्हणाल्या, "त्यांना मी दोनदा करीन."

न्यायाधीशबाई हसल्या. फोन पुन्हा चालू झाला, आणि आता सगळ्यांनाच जातो. मी ताईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "होतं गं उलटसुलट माणसाच्या हातून. पण आठ दिवस मी घरात कुजबुजत बोलत होते, तेवढं माफ नाही." साहेब मला रागावले नाहीत, पण हल्ली प्रत्येक गोष्टीला 'एक म्हणजे काय?' असं विचारतात. काल चहावाल्यालाही विचारलं.

मामीला नमस्कार सांगा.

आपली, यापुढे रकान्यांची नावं न बदलणारी,
भाची

ता. क. पत्राचं खरं कारण वेगळंच आहे, वर लिहायचा धीर झाला नाही. चुकीच्या बाजूने स्कूटर नेल्याबद्दल मला गेल्या मंगळवारी पहिल्या मजल्यावरच्या कोर्टात हजर राहायचं होतं. मी वर बसून तीनशे नावं तपासत होते, साफ विसरले. ताईंनी आठवण करून दिली असती, पण त्या आठवड्यात फोन बंद होता. पुढची तारीख येत्या बुधवारी, साडेदहाला. ओळख लावा म्हणत नाही, नुसते शेजारी उभे राहाल का? आईला मात्र यातलं अक्षर कळू देऊ नका, तिला वाटतंय प्रकरण मिटलं.

आणखी ता. क. (हे तुझ्या बहिणीचं अक्षर) दादा, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. स्कूटर मी चालवत होते. ही मागे डोळे मिटून बसली होती, आणि पोलिसाने नाव विचारल्यावर हिने स्वतःचं सांगितलं. बुधवारी कोर्टात जाऊन जे खरं ते मीच सांगणार आहे. तू फक्त मला न्यायला ये, स्कूटरची चावी ही लपवून ठेवते.