खाली आणलेला देव

९ जून

देव त्यांनी हलवलाय! आणि मला हे आज कळतंय — मैदान तयार झाल्यावर, बांध पुरा झाल्यावर.

नदीकाठच्या उद्यानाचे शेवटचे फोटो काढायला गेले होते. शेजारच्या मळ्यातल्या नवसाबाईंनी नेहमीसारखा चहा दिला. बांधालगत शेंदूर लावलेला दगड आहे. एकोणसत्तरच्या पुरात पाणी जिथं थांबलं, तिथं त्यांच्या सासऱ्यांनी, गेणूबाबांनी तो रोवला. पूजा अजून चालते. मी सहज म्हटलं, ‘मावशी, बाबांनी जागा बरोबर हेरली.’

त्या हसल्या. ‘नाय पोरी, देव पार वर व्हता, रस्त्याच्या कडंला. रस्ता रुंद झाला तवा आम्हीच खाली आणला. गाड्यांच्या धुळीत कशाला ठिवायचा?’

मी कप खाली ठेवला.

नदीच्या या वळणावर पुराच्या नोंदी नाहीत. अशा वेळी जुन्या माणसांना विचारून खूण घ्यायची, ही आमची रीत. दोन वर्षांपूर्वी मी विचारलं, ‘देव कुठंय?’ त्यांनी दाखवला. मी त्याच दगडावर लेव्हल घेतली, म्हणजे उंची मोजली, त्यावरून पूररेषा आखली. देव कधी हलवला का, हे विचारायचं सुचलंच नाही. इंजिनिअर म्हणे!

१० जून

जुनी जागा बघून आले. चौथऱ्याचा तुकडा अजून आहे तिथं. लेव्हल तीनदा घेतली. आत्ताच्या दगडापेक्षा दोन मीटर दहा सेंटिमीटर वर. चौथ्यांदा घ्यायचं धाडस झालं नाही.

म्हणजे, आमचा बांध रेषेहून मीटरभर उंच असला तरी, तसा पूर पुन्हा आला तर त्यावरून छातीभर पाणी जाईल.

उद्यानाच्या सभेत कोण उभं राहिलं होतं? मीच. पक्षीवाले म्हणत होते, पाणथळीला हात लावू नका. शाळावाले म्हणत होते, पोरींना खेळायला जागा द्या. मी नकाशा पसरला — रेषा इतकी खाली आहे, अर्धी पाणथळ भरली तरी चालतं, दोघांचंही भागतं. टाळ्या पडल्या. घरी येऊन आईला सांगितलंसुद्धा. पुराचं पाणी पसरायची जागा मी मुरूम टाकून बुजवली, आणि त्याबद्दल टाळ्या घेतल्या.

१२ जून

संतोष सरांना सांगितलं. फर्म त्यांची, नकाशावर सही माझी.

‘एका दगडावरून डिझाइन बदलायचं?’

‘दगडावरूनच केलंय, सर.’

त्यांनी नकाशा गुंडाळला. मग म्हणाले, सिंहस्थाच्या आधी लोकार्पण आहे, हात दाखवून अवलक्षण करू नकोस. आणि जाताजाता, अगदी मऊ आवाजात — ‘सही तुझी आहे, तेजस्विनी. विसरू नकोस.’

१३ जून

भीती वाटते. दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

१६ जून

लोकार्पण व्हायचंय, पण मैदानाच्या पॅव्हेलियनखालचा हॉल वापरात आला. खो-खोचं निवासी शिबिर. कळवणकडच्या चोवीस मुली. गाद्या थेट जमिनीवर, खिडक्या बांधाच्या बाजूला. प्रशिक्षक राखी मॅडम मला बघून खूश — ‘तुमच्यामुळं पोरींना मैदान मिळालं हो.’

सांगायला गेले होते. न सांगता परत आले. सांगितलं तर काम बंद पडणार, नोकरी जाणार, पोरींचं मैदानही जाणार. नाही सांगितलं तर — धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

एक मुलगी खांबाला सूर मारून पडली आणि हसतच उठली. मला तिथं उभं राहवेना.

१९ जून

त्र्यंबककडं धो धो. धरणातून पाणी सोडलंय. नदीपात्रात उभ्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यापर्यंत आलं. ऑफिसात सगळे निर्धास्त: मारुतीच्या कमरेला लागेपर्यंत काळजी नाही. मीही लहानपणापासून हेच ऐकत आले. पण मारुती तिकडं शहरात उभा. आमच्या वळणावरची पाणथळ मी भरली, हे त्याला कुठं माहीत?

दुपारी बांधावर गेले. पाणी वरच्या कडेपासून चार हात खाली. पाण्याकडं बघत तिथंच बसले.

२० जून

पत्र दिलं. अकरा वाजता, महापालिकेच्या अभियंत्यांच्या हातात. खूण चुकली, चूक माझी, हॉल आजच रिकामा करा — एवढंच. पोच घेतली.

साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. ‘तुम्हाला कळतंय ना, हे तुमच्यावर येणार?’ कळतंय म्हटलं. त्यांनी तिथूनच राखी मॅडमना फोन लावला. चारपर्यंत मुली वरच्या शाळेत हलल्या. राखी मॅडम माझ्याकडे न बघता गाद्या उचलत होत्या.

संतोष सर बोलायचे थांबले आहेत. नोकरीचं अजून कुणी काही म्हणत नाही. तेही भीतीदायकच.

२३ जून

सकाळी साडेनऊला पाणी बांधावरून आलं. मारुतीच्या कमरेला अजून लागलंही नव्हतं. हॉलमध्ये कमरेएवढं, वीस मिनिटांत. खिडक्या आत फुटल्या. मैदानाचा मुरूम वाहून गेला.

चोवीस मुली शाळेच्या गच्चीवरून बघत होत्या. मी मोजल्या. परत मोजल्या. मग रडले, सगळ्यांसमोर.

राखी मॅडमनी पाण्याची बाटली पुढं केली.

११ जुलै

फेरमोजणी. जुन्या जागेची लेव्हल मीच घेतलेली, म्हणून मलाच बोलावलं. मैदान लहान होणार, पाणथळ पुन्हा मोकळी होणार. नवी रेषा वर सरकली, आणि रेषेच्या आत पक्कं बांधकाम चालत नाही. नवसाबाईंचं घर आत आलं. त्यांच्या मुलानं, साईनं, नव्या घराचा पाया भरलाय, तोही आत. परवानगी रद्द.

त्या दारातून बघत होत्या. म्हणाल्या, ‘पोरी, तवा मी बोललेच नसते तर?’

रेषेची पुढची खुंटी त्यांच्या अंगणात ठोकायची होती. ठोकली.